फळीवरची रंगीत बरणी कोणाची?

मैत्रिणींनो, कुठल्याही घरातल्या मांडणीवरचं पितळी पातेलं नाहीतर स्टीलचा डबा हातात घेऊन बघा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसेल. 'चि. अमुक यांस विवाहानिमित्त सप्रेम भेट, श्री. तमुक.' देणारा पुरुष आणि घेणाराही पुरुष. ज्या बाईच्या हाताने ते पातेलं पुढची तीस वर्षं घासलं जाणार, तिचं नाव बहुतेक वेळा त्यावर नसतंच. असलं तरी ते लग्नात बदललेलं, 'चि. सौ. कां.' लावून. स्वयंपाकघर बाईचं राज्य असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पण या राज्यातल्या भांड्यांवर शिक्का मात्र दुसऱ्याचा असतो.

शेत बाईच्या नावावर नाही, घर नाही, हे आपण शिबिरांमधून वर्षानुवर्षं बोलत आलो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात काही गावांतल्या पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन केली, त्याचं आपण कौतुक केलं. सातबारावर नाव हवं ही मागणी योग्यच आहे. पण ज्या वस्तूंना बाई दिवसातून पन्नास वेळा हात लावते, त्या कोणाच्या, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. तो क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही, असं मला बदनापूर तालुक्यात काम करताना वाटू लागलं आहे, म्हणून हा लेख.

चौदा डबे आणि एक फळी

बदनापूरमध्ये एक बाई घरगुती डबे देतात. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, शिकायला खोली करून राहिलेली मुलं, असे चौदा डबे. पहाटे साडेचारला उठून चपात्या, भाजी, तुरीचं वरण, भात. आमचं बदनापूर तुरीचं गाव. इथल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले तुरीचे बीडीएन वाण मराठवाड्यात सगळीकडे पेरले जातात. तेव्हा वरण पातळ झालेलं इथे कोणी खपवून घेत नाही. बाईंच्या हाताला चव आहे आणि डब्यांचा हिशेब त्या स्वतः ठेवतात.

या बाईंना चिनी मातीच्या रंगीत भांड्यांची हौस आहे. जालना रस्त्यावर ताडपत्री अंथरून खुर्ज्याची भांडी विकणारे येऊन बसतात, त्यांच्याकडून घेतलेली. निळ्या फुलांची बरणी, हिरवा दहीभांड्याचा जोड, पिवळा डोंगा, झाकणाला छोटी चिमणी असलेलं साखरेचं भांडं. एकदा छत्रपती संभाजीनगरच्या प्रदर्शनातून दोन मोठे वाडगे त्यांनी मांडीवर धरून रेल्वेने आणले. आज त्यांच्या फळीवर अशी चाळीसेक भांडी आहेत. प्रत्येक भांडं कधी, कितीला आणि कोणत्या महिन्याच्या डब्याच्या पैशातून घेतलं, ते त्यांना तोंडपाठ आहे.

घरच्यांचं म्हणणं काय? सासूबाई म्हणतात, "दुकान टाकायलीस का काय?" नवरा पाहुण्यांसमोर हसून सांगतो, "आमच्या मंडळींना भांड्यांचं येड लागलंय." आणि आपल्याच एका बैठकीत एका कार्यकर्तीने त्यांना विचारलं, "ताई, हेच पैसे पोस्टात टाकले असते तर?" बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "पोस्टातबी टाकते. पण पोस्टाकडं बघून सकाळी उठावं वाटत नाही."

या उत्तरावर सगळ्या हसल्या आणि विषय पुढे गेला. मला मात्र ते उत्तर नीट विचारात घ्यावं असं वाटतं.

पुरुषाचा छंद आणि बाईचं वेड

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवल्या, सुमारे वीस हजार. दिवे, अडकित्ते, करंडे, फण्या, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या. आपल्या गेलेल्या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि पुढे तो सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. हे काम फार मोठं आहे, त्याबद्दल आदरच वाटतो. अहमदाबादजवळ विशाला इथे सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये केवळ भांड्यांचं संग्रहालय उभं केलं. तेही बघण्यासारखं आहे.

पण त्या काचेच्या कपाटांतल्या बऱ्याच वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या कोणी? घासल्या, पुसल्या, जपल्या कोणी? बायकांनी. त्यांची नावं तिथे नाहीत, आणि तो दोष संग्राहकाचा नाही. बाईने जपलेली वस्तू म्हणजे 'घरातलं सामान', तीच वस्तू पुरुषाने जमवली की 'संग्रह', अशी आपली भाषाच आहे. नाणी जमवणाऱ्या, पोस्टाची तिकिटं चिकटवणाऱ्या, जुन्या मोटारसायकली दुरुस्त करून उभ्या ठेवणाऱ्या पुरुषाला छंद असतो. भांडी जमवणाऱ्या बाईला वेड असतं.

यात वर्गाचाही भाग आहे. फ्रान्समध्ये १९२५ पासून बिडाच्या भांड्यांवर रंगीत मुलामा चढवून विकणारी एक कंपनी आहे. तिचं एकेक भांडं आपल्याकडे हजारो रुपयांना मिळतं आणि शहरातल्या बड्या घरांत ते मुद्दाम दिसेल असं ठेवतात. तिथे त्याला अभिरुची म्हणतात. बदनापूरच्या बाईने दीडशे रुपयांची बरणी घेतली की उधळपट्टी होते. लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये २०२४ साली खात्यावर यायला लागले, तेव्हाही हेच पाहिलं. बायकांनी त्याचं काय केलं याची चौकशी पारावर, चहाच्या हॉटेलात, सगळीकडे सुरू झाली. कोणी साडी घेतली, कोणी भांडी घेतली म्हणून नावं ठेवली गेली. मोसंबीची पट्टी हातात आल्यावर पुरुषाने त्याचं काय केलं, हे अशा आवाजात कोणी विचारत नाही.

बाईच्या हातातला पैसा हा मुलांचा, घराचा, अडीअडचणीचा, असं सगळेच गृहीत धरतात. आणि, मैत्रिणींनो, आपणही धरतो. बचत गटाच्या बैठकीत आपण मुलीचं शिक्षण, शेळी, शिलाई मशीन याबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण बाईला केवळ आवडतं म्हणून काही घ्यायचं असेल, तर त्यासाठी आपल्या बोलण्यात जागा नाही. गरीब बाईला गरजा असतात, आवड नसते, असं आपणच ठरवून टाकलं आहे की काय?

बरणीचा सोवळा इतिहास

चिनी मातीची ही हौस दिसते तेवढी साधी नाही. या मातीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे आणि तो सगळा गोड नाही.

जुन्या समजुतीप्रमाणे धातूचं भांडं विटाळलं तर घासून, तापवून शुद्ध होतं. मातीचं भांडं विटाळलं तर टाकूनच द्यायचं. चिनी माती मातीत गणली गेली, म्हणून सोवळ्याच्या स्वयंपाकात तिला जागा नव्हती. मात्र दारात आलेल्या दलित गड्याला, मजूर बाईला चहा द्यायचा तर कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असायची, गोठ्याच्या खुंटीवर नाहीतर ओसरीच्या कोनाड्यात. पिणाऱ्याने ती स्वतः विसळून पालथी घालायची. हॉटेलांतही वेगळ्या कपबशा होत्या. डॉ. बाबा आढाव यांनी १९७२ मध्ये 'एक गाव एक पाणवठा' मोहीम सुरू केली, तेव्हा पाण्याइतकाच हा कपबशीचा प्रश्नही गावोगाव जिवंत होता. आमच्या कामात आजही एखाद्या आजीच्या तोंडून त्या कपाची आठवण निघते. म्हणून जेव्हा एखाद्या दलित वस्तीतली बाई आपल्या पैशाने सहा कपांचा अखंड, फुलाफुलांचा जोड आणून पाहुण्यांपुढे ठेवते, तेव्हा तिने फक्त कप विकत घेतलेले नसतात.

दुसरी गोष्ट लोणच्याच्या बरणीची. लोणचं आंबट, खारट. ते तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवलं तर कळकतं. कल्हई असली तरी ती उडते. चिनी मातीवरच्या काचेसारख्या लेपावर आंबटाचा सहसा परिणाम होत नाही, म्हणून पांढरी-पिवळी बरणी घरोघर आली. सगळ्या स्वयंपाकघरात जिच्यावर सर्वांत कडक पहारा असायचा, तीही हीच बरणी. पाळीतल्या बाईने बरणीला हात लावायचा नाही, नाहीतर लोणचं नासतं! लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने, मीठ-तेल कमी पडल्याने, दादरा नीट न बांधल्याने. पण दोष बाईच्या अंगाला. शिकलेल्या घरांतही हे अजून चालतं. ज्या बाईने कैऱ्या फोडल्या, मसाला भाजला, बरणी भरली, तिलाच महिन्यातले चार दिवस ती बरणी परकी.

तेव्हा या बाईंनी मला सांगितलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांच्या सासूबाई पाळीत जुन्या बरणीला हात लावू देत नाहीत. पण निळ्या फुलांची बरणी त्यांनी स्वतः आणली, तिच्यात त्या स्वतः लोणचं घालतात आणि तिला तीसही दिवस हात लावतात. "ही माझी हाय. हिचा इटाळ मी नाही धरत." घरात मोठं भांडण न करता त्यांनी एक रूढी मोडली आहे. तिची चार हात जागा का होईना, मोकळी झाली आहे.

फुटलं म्हणजे संपलं?

आता या हौसेची कडू बाजू. चिनी माती फुटते. आणि घरात मारहाण होते तेव्हा ती मुद्दाम फोडली जाते.

आपल्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावातल्या तरुण मुलीबरोबर मी एका पोलीस ठाण्यात गेले होते. नवऱ्याने मारलं होतं आणि तिने शिलाईच्या पैशातून घेतलेली सगळी रंगीत भांडी एकेक करून अंगणात आपटली होती. मार लिहून घेतला गेला. भांड्यांचं सांगायला लागल्यावर समोरून उत्तर आलं, "बाई, जीव वाचला ना? खापऱ्यांचं काय घेऊन बसलात!" पण नवऱ्याने नेमकी तीच भांडी का फोडली? घरातलं स्टील, जर्मनची पातेली, सगळं शाबूत होतं. जे तिच्या एकटीचं होतं, तिला प्रिय होतं, तेच त्याने निवडून फोडलं. यात राग आहेच, पण तुझं स्वतःचं असं काही असू शकत नाही, हे बजावणंही आहे.

कायदा याबाबत त्या उत्तराइतका आंधळा नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आर्थिक छळाचीही व्याख्या करतो. घरातल्या वस्तूंची आणि बाईच्या स्त्रीधनाची किंवा मालमत्तेची विल्हेवाट लावणं त्यात येतं. याच कायद्याच्या कलम १९(८) खाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन किंवा बाईच्या हक्काची इतर कोणतीही मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतात. नुकसानीची भरपाईही मागता येते.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १४ आपण वारसाहक्कासाठी वाचतो. त्यातच असं म्हटलं आहे की, बाईने स्वतःच्या कौशल्याने, कष्टाने किंवा खरेदीने मिळवलेली, जंगम किंवा स्थावर, सगळी मालमत्ता संपूर्ण तिच्या मालकीची. डब्याच्या पैशातली बरणी याच्यात चपखल बसते. लग्नात मिळालेल्या भांड्यांबद्दल प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केलं की, स्त्रीधन ही बाईची स्वतंत्र मालमत्ता आहे. ती सासरच्यांकडे केवळ विश्वासाने ठेवलेली असते आणि परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. स्त्रीधन अडवून ठेवणं हा रोज चालू राहणारा गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कृष्णा भट्टाचार्जी यांच्या खटल्यात म्हटलं. मुस्लिम मैत्रिणींच्या बाबतीत १९८६ च्या कायद्याचं कलम ३ आहे: लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर नातेवाइकांनी, मित्रमंडळींनी, नवऱ्याने दिलेल्या सगळ्या वस्तूंवर तलाक झालेल्या बाईचा हक्क आहे.

कायदा आहे, पण पुरावा लागतो, आणि गाडं इथेच अडतं. आहेराच्या भांड्यावर नाव कोरलेलं असतं, ते पुरुषाचं का असेना, ओळख पटते. चिनी मातीवर असं नाव घालता येत नाही. रस्त्यावरच्या खरेदीची पावती नसते. परित्यक्ता बाईचं सामान आणायला आपण टेम्पो घेऊन जातो, तेव्हा यादीत पलंग, कपाट, स्टीलच्या डब्यांचा सेट असतो. तिच्या आवडीच्या वस्तू यादीत नसतात, कारण त्या कोणी विचारलेल्याच नसतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्या चळवळीतूनच येईल. आपण बाईला चुलीपासून सोडवायला निघालो आणि ही चुलीजवळची हौस कसली साजरी करते? आक्षेप खरा आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. शिवाय असं काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात फार कमी. रंगीत वाडग्यांनी या २९९ मिनिटांतलं एकही मिनिट कमी होत नाही. बाजारालाही हेच हवं आहे, की बाईने भांडं बदलावं आणि कामाची वाटणी तशीच राहावी. जाहिरातीतली हसरी गृहिणी आपण ओळखून आहोत.

पण कामाची वाटणी मागताना कामाच्या जागेचा द्वेष करायला हवाच असं नाही. विणकराला आपला माग आवडतो, सुताराला आपला रंधा. त्यावरून तो गुलामीत खूश आहे असं आपण म्हणत नाही. या बाईंचं स्वयंपाकघर हे त्यांचं कारखाना आहे, दुकान आहे आणि कचेरीही आहे. तिथे त्या दिवसाचे नऊ-दहा तास काढतात. ती जागा त्यांना डोळ्यांना बरी वाटेल अशी हवी असेल, तर ती मागणी कामगाराची आहे. आणि फळीवरची ती निळी बरणी बघून त्यांच्या मुलाने आपला वाडगा आपण धुवायला सुरुवात केली, असं मुळीच झालेलं नाही. त्यासाठी वेगळंच भांडण करावं लागेल आणि ते करायचंच आहे.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो मी स्वतःच मांडते. सगळी रंगीत चिनी माती स्वयंपाकाची नसते. कमी आचेवर भाजलेल्या स्वस्त भांड्यांच्या लेपात शिसं असू शकतं. झगझगीत लाल, नारिंगी रंगांत कॅडमियम असू शकतं. चिंच, लिंबू, दही, लोणचं अशा आंबटाने ते अन्नात उतरतं आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. तेव्हा आतून पांढरा, गुळगुळीत, बिनचिराचा लेप असलेलं, खाण्यासाठीच म्हणून विकलेलं भांडं आंबटाला वापरावं. आतून रंगवलेलं, तडे गेलेलं, लेप उडालेलं भांडं शोभेला ठेवावं. साधी चिनी माती थेट गॅसवर ठेवू नये, एकदम तापली की तडकते. आणि 'सिरॅमिकचा तवा' म्हणून जे विकतात, ते बहुधा ॲल्युमिनियमवर पातळ लेप दिलेलं भांडं असतं. लेप खरवडला की त्याचं काम संपलं. हौस करणाऱ्या बाईला ही माहिती मिळणं हा तिचा हक्क आहे. विकणारा ती सांगत नाही, आपण गटांमधून सांगू शकतो.

आपण काय करायचं?

हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ पासून नियम आहे की, लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करावी, त्यात वस्तू, अंदाजे किंमत आणि देणाऱ्याचं नाव असावं, आणि खाली सह्या असाव्यात. किती लग्नांत आपण ही यादी पाहिली? आपल्या ओळखीच्या पुढच्या लग्नापासून ती करू या. रुखवत मांडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही वेळ त्याला लागत नाही.

त्याबरोबर प्रत्येक बचत गटाने एक वही ठेवावी. बाईने स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू, तारीख, किंमत तिच्यात लिहावी आणि दोघींनी सही करावी. मोबाइलवर फोटो काढून एखाद्या विश्वासू मैत्रिणीला पाठवून ठेवावा. ही वही म्हणजे काही रजिस्ट्री नव्हे, पण उद्या संरक्षण अधिकाऱ्यापुढे किंवा कोर्टात बोलायला काहीतरी हातात राहील.

आणि तक्रार लिहून घेताना आपण कार्यकर्तींनी एक प्रश्न वाढवावा. "मारलं का? हुंडा मागितला का? सोनं कुठे आहे?" हे आपण विचारतोच. त्याच्या पुढे विचारावं, "तुमचं स्वतःचं, आवडीने घेतलेलं काय काय त्या घरात राहिलं आहे?" हा प्रश्न ऐकून बाई आधी गप्प बसते, कारण असं तिला कोणी विचारलेलं नसतं. मग ती सांगायला लागते. शिलाईची कात्री, बाळाचा झबल्याचा डबा, दोन रंगीत कप. ते सगळं किमतीसकट लिहून घ्यावं आणि टेम्पो जाईल तेव्हा तेही आणावं. फुटलं असेल, तर फुटलं असं लिहून भरपाई मागावी.

बदनापूरच्या त्या बाईंच्या गटाने अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्यांच्या चाळीस भांड्यांची यादी आहे. सर्वांत शेवटी त्यांनी आपलं नाव लिहिलं आहे. माहेरचं नाव, मग सासरचं आडनाव, मग कंसात 'स्वतःच्या पैशाने'. आपापल्या गटातही अशी वही सुरू झाली, तर काय अनुभव येतो ते जरूर कळवा.